कोळशाच्या गाडीपासून शिवाईपर्यंत : बीड जिल्ह्यातील एस.टी.ची वाटचाल

१ जून २०२३ रोजी आपली एस.टी. पंचाहत्तर वर्षांची झाली. या अमृतमहोत्सवानिमित्त बीड जिल्ह्यातील एस.टी.चा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा पहिल्याच पानावर एक अडचण आली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली, त्या दिवशी बीड जिल्हा मुंबई राज्यात नव्हताच, तो हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. पहिली गाडी आपल्या आष्टी तालुक्याच्या शेजारच्या नगरपर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली.

त्यामुळे आपल्या जिल्ह्यातील एस.टी.ला दोन घराण्यांचा वारसा आहे. एक मुंबई राज्याच्या एस.टी.चा आणि दुसरा निजामाच्या रेल्वेने चालवलेल्या मोटार खात्याचा. हे दोन्ही प्रवाह १९६१ मध्ये एकत्र आले. म्हणून हा इतिहास १९४८ पासून न सांगता त्याच्या सोळा वर्षे आधीपासून सांगावा लागतो. बैलगाडीच्या जिल्ह्यात मोटार कशी आली, ती कशावर चालली, ती अडली तेव्हा कोणी ढकलली, हे सगळे त्यात यायला हवे.

१९३० चे दशक : रेल्वेची मोटार

हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये आपली रेल्वे खासगी कंपनीकडून स्वतःच्या ताब्यात घेतली. रूळ जिथे पोचत नव्हते तिथे मोटारीने पोचावे, या विचारातून रेल्वेखात्यातच रस्ते वाहतुकीची शाखा निघाली. १५ जून १९३२ रोजी २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन तिचे काम सुरू झाले. सरकारने स्वतः प्रवासी मोटारी चालवण्याच्या देशातील अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत तिची गणना होते.

त्या वेळच्या गाड्यांत ‘अल्बियन’ या स्कॉटलंडमधील कारखान्याच्या गाड्या होत्या. सांगाडा विलायतेतून यायचा आणि त्यावर लाकडी टप इथे चढवला जायचा. बीड शहराला रेल्वे नव्हती. परळी सोडली तर जिल्ह्याचा बहुतेक भाग रुळांपासून दूर होता. अशा मुलखात मोटार हीच रेल्वे होणार, हे तेव्हाच ठरल्यासारखे होते. मात्र रस्ते कच्चे आणि नद्यांवर पूल कमी. पावसाळ्यात सिंदफणा, बिंदुसरा भरल्या की गाडी अलीकडच्या काठावर आणि माणसे पलीकडच्या काठावर थांबून राहत.

१९४० चे दशक : कोळशाची गाडी

दुसऱ्या महायुद्धाने मोटारीच्या धंद्याचा गळा आवळला. १९४१ पासून देशात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथल्या विहिरींचे तेल भारताला मिळेनासे झाले. पेट्रोल लष्कराला हवे, मग प्रवाशांच्या गाड्या चालवायच्या कशावर? याचे उत्तर देशभर एकच निघाले, ते म्हणजे लाकडी कोळसा. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून येणारी ‘कोळशाची गाडी’ ती हीच.

नावावरून आगगाडीसारखी वाफ डोळ्यांसमोर येते, पण तसे काही नव्हते. इंजिन पेट्रोलचेच राही. गाडीच्या मागे किंवा बाजूला लोखंडी पत्र्याचे उभे पिंप बसवलेले असे. त्यात वरून कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि झाकण घट्ट लावून हवा अगदी मोजकीच जाऊ द्यायची. हवा अपुरी पडली की निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा जळणारा वायू निघतो. तो नळीने बाहेर काढायचा, गार करायचा, गाळणीतून नेऊन राख आणि काजळी अडवायची, मग हवेत मिसळून इंजिनात सोडायचा. एक गॅलन पेट्रोलचे काम साधारण सहा-सात किलो कोळशावर निभावे.

गाडी सकाळी सहाला सुटायची असेल तर क्लीनरचा दिवस अंधारातच सुरू होई. आदल्या दिवशीची राख खरवडून काढायची, कोळशाचे पोते पिंपात रिते करायचे, तेलात बुडवलेली चिंधी पेटवून खालच्या दारातून आत सारायची आणि पंख्याचा दांडा हाताने फिरवत राहायचे. दहा-पंधरा मिनिटांनी नळीच्या तोंडाशी काडी धरून पाहायची. निळी ज्योत स्थिर धरली की गॅस तयार, नाही धरली की पुन्हा पंखा. तोवर प्रवासी गाठोडी घेऊन झाडाखाली बसलेले. अंग, कपडे आणि हात काळेठिक्कर झालेला तो पोरगा टपावरचे सामान बांधायलाही चढे आणि चाकाखाली दगड लावायलाही उतरे. गॅसचे पिंप बंद खोलीत पेटवणे जिवावर बेतू शकते, कारण त्या वायूला वास नसतो, हे ज्ञानही त्याने अनुभवातूनच मिळवलेले असे. त्या अनाम क्लीनरना या स्मरणिकेत पहिला नमस्कार.

विलायतेतही या वेळी हेच चालले होते. तिथे तर गॅसच्या गाड्यांचा अनुभव पहिल्या महायुद्धापासूनचा होता. तेव्हा घरोघरी दिवे आणि चुली पेटवणारा दगडी कोळशाचा गॅस मोठ्या पिशवीत भरून ती पिशवी बसच्या टपावर बांधत. नॉटिंगहॅमजवळच्या बार्टन कंपनीच्या अशा गाड्या प्रसिद्ध आहेत. अडीचशे घनफूट गॅस म्हणजे जेमतेम एक गॅलन पेट्रोल, त्यामुळे एवढे मोठे गाठोडे डोक्यावर घेऊनही गाडी थोडेच अंतर जाई आणि पिशवी पुन्हा भरावी लागे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने शंभरहून अधिक बस असणाऱ्या कंपन्यांना दहा टक्के गाड्या गॅसवर चालवायला सांगितले. बसच्या मागे दोन चाकांचा छोटा गाडा जोडून त्यात कोळसा पेटवत. लंडनच्या रस्त्यांवरही अशा गाड्या धावल्या. पण चढावर त्या दमत आणि देखभालीत वेळ जाई. १९४४ मध्ये पेट्रोलची टंचाई सैल होताच तिथे हा प्रयोग आवरला गेला.

दमण्याचे कारण साधे होते. या वायूत निम्म्याच्या आसपास नायट्रोजन, म्हणजे न जळणारा भाग. इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटे. सपाटीला चालून जाई, पण चढ लागला की गाडी कुंथू लागे. मग प्रवासी खाली उतरत. म्हातारीकोतारी आणि लेकुरवाळ्या तेवढ्या आत बसत, बाकीचे मागून हात लावत. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट ज्याने पाहिला आहे, त्याला अशी गाडी चढवणे म्हणजे काय याची कल्पना सांगावी लागणार नाही.

या काळाकडे केवळ हालअपेष्टा म्हणून पाहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. गाडी अडली तर ती पुढे नेणे हे चालकाइतकेच आपलेही काम आहे, ही समजूत प्रवाशांच्या मनात इथे रुजली. एस.टी.ला पुढे जे प्रेम मिळाले त्याची मुळे अशा चढांवर आहेत.

१९४८ : दोन तारखा

१ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि मराठवाडा मुक्त झाला. नगरच्या सीमेवर थांबलेला रस्ता आता आपल्यासाठी मोकळा होऊ शकत होता. एस.टी.चा अमृतमहोत्सव आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव एकाच वर्षात यावा, हा आपल्या जिल्ह्यासाठी मोठा योग आहे.

१९५० चे दशक : खाते बदलले, माणसे तीच

१९५० मध्ये रस्ते वाहतूक महामंडळांचा केंद्रीय कायदा झाला आणि मुंबई राज्यात एस.टी.चे महामंडळ उभे राहिले. इकडे निजामाची रेल्वे केंद्र सरकारकडे गेली आणि १ नोव्हेंबर १९५१ पासून तिचे मोटार खाते हैदराबाद राज्य सरकारच्या हाताखाली आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा मराठवाड्याच्या वाट्याच्या गाड्या, कार्यशाळा आणि माणसेही सोबत आली.

पाच-सहा वर्षांत सरकारे, कागदांची भाषा, पगाराचे नियम आणि नाणीसुद्धा बदलली. उर्दूत नोंदी ठेवणारे कारकून मराठीत लिहू लागले. निजामाच्या हाली शिक्क्याचा हिशेब मागे पडून भारतीय रुपया आला. एवढ्या उलथापालथीत रोजची गाडी रोजच्या वेळेला सोडत राहणे हे त्या पिढीतील चालक, वाहक, यांत्रिक आणि कारकून यांचे सामूहिक श्रेय आहे. कोळशाची पिंपे तोवर अडगळीत गेली होती. पेट्रोल आणि मग डिझेल या इंधनांनी गाडीला पुन्हा दम दिला.

१९६० चे दशक : एक महामंडळ, एक रंग

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६१ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ या दोन्हीकडच्या सरकारी वाहतूक सेवा एकत्र येऊन महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकाराला आले. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद आता बीडच्याही गाडीवर आले.

वेगवेगळ्या पद्धतींत वाढलेली माणसे एका छताखाली आली की सेवाज्येष्ठतेपासून ड्यूटीपर्यंत मतमतांतरे होणारच, तशी ती झाली. परंतु सकाळची पहिली गाडी लावायची वेळ झाली की सगळे एक होत. खासगी मोटारवाल्यांचे मार्ग टप्प्याटप्प्याने महामंडळाकडे आले. भाडे ठरलेले, वेळ ठरलेली आणि मोजलेल्या पैशाचे तिकीट हातात, ही शिस्त प्रवाशांना नवी होती. पत्र्याच्या पेटीतली रंगीत तिकिटे आणि चिमट्याची टिकटिक हा गावोगावच्या मुलांचा आवडता खेळ झाला.

१९७० चे दशक : दुष्काळाने बांधलेले रस्ते

१९७२ चा दुष्काळ बीड जिल्ह्याच्या अंगावर अजून वळ ठेवून आहे. विहिरी आटल्या, जनावरे गेली, घरेच्या घरे कामावर आली. रोजगार हमीच्या कामांवर बायाबापड्यांनी खडी फोडली, माती वाहिली, पाझर तलाव खोदले आणि रस्ते केले. ज्या गावांना जायला पायवाट होती, तिथे मुरमाचा का होईना, पण गाडीचा रस्ता झाला. ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एस.टी.’ हे घोषवाक्य आपल्या जिल्ह्यात खरे करण्यात या मजुरांचा वाटा मोठा आहे. ज्यांनी रस्त्यावर खडी टाकली, त्यांच्याच मुलांनी पुढे त्या रस्त्यावरून एस.टी.ने शाळा-कॉलेज गाठले.

याच दशकात परळीला औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले (१९७१) आणि अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठीचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले (१९७४). कामगार, विद्यार्थी, रुग्ण आणि रुग्णाला भेटायला जाणारे नातेवाईक अशी नवी वर्दळ गाड्यांना मिळाली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात जायचे म्हणून कळा येणाऱ्या बाईला घेऊन मधले थांबे न घेता थेट गेलेल्या गाड्यांच्या आठवणी जिल्ह्यात ठिकठिकाणी सांगितल्या जातात. त्या दिवशी कोणाही प्रवाशाने आपला थांबा चुकल्याची तक्रार केली नाही, हेही सांगणारे आवर्जून सांगतात.

१९८० चे दशक : मुक्कामी गाडी

शेवटच्या गावाला संध्याकाळी पोचायचे, रात्री तिथेच राहायचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे, ही मुक्कामी गाडी. तालुक्याला दूध, भाजी, विद्यार्थी आणि कोर्टाच्या तारखा वेळेवर पोचवायच्या तर गाडी रात्री गावातच असली पाहिजे, हा तिच्यामागचा विचार. चालक-वाहक देवळाच्या ओसरीवर, ग्रामपंचायतीच्या खोलीत नाहीतर गाडीतल्याच बाकांवर पथारी टाकत. कोणा घरून ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा येई. थंडीत पहाटे गाडी सुरू होईना, तेव्हा गावातली चार पोरे अंगावरच्या घोंगड्यासकट धक्का मारायला हजर. कोळशाच्या गाडीच्या काळातली ती जुनी रीत इथे पुन्हा दिसते.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांनंतर निमआराम गाड्या आल्या आणि लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘एशियाड’च राहिले. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली आपली माणसे याच गाड्यांनी रातोरात घरी येऊ लागली. दसरा झाला की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे निघणारा ऊसतोड कामगार बहुतेक मुकादमाच्या ट्रकमधून जाई. पण मागे राहिलेल्या आईबापांकडे, शाळेत ठेवलेल्या लेकरांकडे मध्येच एक रात्र येऊन जायचे, तर त्याला आधार एस.टी.चाच होता. बीड जिल्ह्यात स्थलांतराची वाट जितकी लांब, तितकी एस.टी.ची गरज मोठी.

१९९० ते २००९ : डब्याची गाडी

गावात सातवीपर्यंत शाळा आणि पुढचे शिक्षण बीडला, माजलगावला, अंबाजोगाईला. मुलगा खोली करून राहतो, पण खानावळीचे पैसे नाहीत. मग आई पहाटे उठून भाकरी थापते, डबा कापडात बांधते आणि फाट्यावर येऊन वाहकाच्या हाती देते. डब्यावर तेलरंगाने मुलाचे नाव. चालकाच्या डाव्या हाताला बॉनेटजवळ असे पंधरा-वीस डबे एकमेकांना टेकून उभे. इंजिनाच्या उबेने भाकरी मऊ राहते. बसस्थानकावर मुले आधीच उभी असतात. गाडी फलाटाला लागते, वाहक एकेक डबा खिडकीतून खाली देतो, कालचे रिकामे डबे वर घेतो. एखादा मुलगा आला नाही तर वाहतूक नियंत्रकाच्या टेबलाखाली त्याचा डबा ठेवून जातो. या कामाची कुठल्याही वे-बिलावर नोंद नाही. तरी या डब्यांवर शिकलेले शिक्षक, तलाठी, फौजदार आणि डॉक्टर आज जिल्ह्यात सर्वत्र आहेत.

जीप आणि काळीपिवळी यांची स्पर्धा याच काळात वाढली, डिझेल महागले, उत्पन्नाला ओढ लागली. त्या दिवसांत सर्वांनी मिळून कसोशीने गाड्या रस्त्यावर ठेवल्या. यात्रांच्या काळात तर कर्मचाऱ्यांना दिवसरात्र कळत नसे. परळी वैजनाथची महाशिवरात्र, अंबाजोगाईची योगेश्वरी, कपिलधार, नारायणगड, गहिनीनाथगड आणि आषाढीला पंढरपूर, या प्रत्येक वाटेवर जादा गाड्या लागल्या. टाळ-पखवाजासह भरलेली गाडी फलाटावरून ‘विठ्ठल विठ्ठल’च्या गजरात हलते, तेव्हा नियंत्रण कक्षातला माणूसही हात जोडतो.

२०१० ते २०२३ : आजचे कार्य

आज बीड विभागात बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, धारूर, पाटोदा आणि आष्टी ही आठ आगारे आहेत आणि त्यांच्या आधारावर जिल्ह्याचे अकराही तालुके जोडलेले आहेत. चिमट्याची जागा तिकिटाच्या यंत्राने घेतली. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे शाळकरी मुलींचा प्रवास मोफत झाला. मानव विकास कार्यक्रमाच्या गाड्यांनी वाडीवस्तीवरच्या मुलींना शाळेच्या दारापर्यंत नेले. पास मिळाला म्हणून मुलीची शाळा सुटली नाही, अशी घरे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट सुरू झाले. त्यानंतरच्या आठवडी बाजाराच्या गाड्या पाहाव्यात. माहेरी जाणाऱ्या सासुरवाशिणींनी त्या भरलेल्या असतात.

२०२० मध्ये करोनाने सगळे जग घरात बसवले. तेव्हा परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत नेण्यापासून मालवाहतुकीपर्यंत आणि मुंबईत अत्यावश्यक सेवेतील लोकांना कामावर पोचवण्यापर्यंतची जबाबदारी राज्यभरातील एस.टी. कर्मचाऱ्यांनी उचलली. त्यात ज्यांनी जीव गमावला, त्यांच्या स्मृतीची ही संस्था कायम ऋणी राहील. त्यानंतरची दोन वर्षेही सोपी नव्हती. ती मागे टाकून सर्वजण पुन्हा कामाला लागले, हे महत्त्वाचे.

पुन्हा गॅस, आता वीज

इतिहासाचे वर्तुळ कसे पूर्ण होते पाहा. डिझेलचा खर्च आणि धूर कमी व्हावा म्हणून महामंडळाने डिझेलच्या गाड्या सीएनजीवर आणण्याचे काम हाती घेतले आहे. म्हणजे ऐंशी वर्षांनी आपली प्रवासी गाडी पुन्हा गॅसकडे वळते आहे. फरक मात्र जमीन-अस्मानाचा आहे. कोळशाच्या गाडीला आपला गॅस वाटेतच तयार करावा लागे. विलायतेच्या बसला तो पिशवीत भरून टपावर वाहावा लागे. आजचा नैसर्गिक वायू हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने पोलादी टाकीत भरलेला असतो, त्यामुळे थोड्या जागेत दिवसभराचे इंधन मावते आणि राखही उरत नाही. १ जून २०२२ रोजी, एस.टी.च्या चौऱ्याहत्तराव्या वर्धापनदिनी, पुणे–अहमदनगर याच मूळ मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची गाडी सुरू झाली. २३ सप्टेंबर २०२२ पासून अहमदनगर–नवी आष्टी रेल्वेही धावू लागली. तिथून रूळ बीडच्या दिशेने पुढे सरकले. ज्या जिल्ह्याच्या बहुतेक भागात मोटारच रेल्वे होती, तिथे आता रेल्वे येते आहे. तरी स्टेशनापासून गावापर्यंतचा शेवटचा टप्पा लाल परीचाच राहील.

कृतज्ञता

या नव्वद वर्षांत कोळसा, पेट्रोल, डिझेल, वायू आणि वीज अशी इंधने बदलली. निजामाच्या खात्यातील क्लीनरपासून आजच्या महिला वाहकांपर्यंत हजारो हातांनी ही गाडी हाकली. कार्यशाळेत चाकाखाली झोपून नट आवळणाऱ्यांची, पहाटे गाड्या धुणाऱ्यांची, उपाहारगृहात चहा ठेवणाऱ्यांची नावे या पानांत मावणार नाहीत. संस्था त्यांचीच आहे. आणि ती तितकीच प्रवाशांची आहे. ज्यांनी घाटात उतरून कोळशाच्या गाडीला हात लावला त्यांची, दुष्काळात खडी फोडून रस्ता करणाऱ्यांची, मुक्कामी गाडीला पहाटे धक्का देणाऱ्यांची आणि फाट्यावर डबा घेऊन उभ्या असलेल्या आईची.

उद्या पहाटे जिल्ह्यातल्या कुठल्याशा शेवटच्या गावात मुक्कामी गाडी सुरू होईल. वाहक दार लावून डबल बेल देईल. फाट्यावर कोणीतरी हात करील आणि गाडी थांबेल. ती थांबत राहावी, यासाठी आठही आगारे सज्ज आहेत.